‘त्यांच्यात पाय जास्त कापावे लागतात’ हे कितपत खरं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना याची खात्री होईल. तुम्ही अटलांटात राहता. शेजारचे ६१ वर्षांचे कृष्णवर्णीय काका मधुमेही आहेत आणि गेल्या महिन्यात त्यांचा पाय गुडघ्याखालून काढला. तुम्ही भेटायला गेलात तेव्हा वॉर्डातलं कोणीतरी सहज बोलून गेलं, ‘या लोकांत हे जास्तच असतं.’ ते वाक्य तुमच्या मनातून जात नाही, कारण घरात पुण्याहून आलेले वडील आहेत आणि त्यांना १६ वर्षं मधुमेह आहे. म्हणून तुम्ही विचारलंत की याचा वंशाशी खरंच संबंध आहे का, आणि असेल तर आपण भारतीय त्यात कुठे बसतो?

मी रक्तवाहिन्यांची सर्जन आहे. शिक्षण महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजात झालं, आणि गेली बावीस वर्षं अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत काम करते. मधुमेह्यांचे पाय हेच माझं रोजचं काम. तुमच्या शेजाऱ्यांचा पाय वाचला असता का, हे मी इथून सांगू शकत नाही. जंतुसंसर्ग रक्तात पसरला असेल तर जीव वाचवण्यासाठी पाय तातडीने काढावाच लागतो, आणि तो निर्णय बरोबर असतो. पण ‘या लोकांत जास्तच असतं’ हे वाक्य मी बावीस वर्षं ऐकतेय आणि त्याचं उत्तर मला नीट द्यायचं आहे.

आकडा खरा आहे. अमेरिकेत मधुमेह्यांच्या पायाचा काही ना काही भाग कापण्याच्या शस्त्रक्रिया वर्षाला दीड लाखाच्या आसपास होतात. कधी एक बोट, कधी पाऊल, कधी मांडीपासून पाय. २०१४ साली डार्टमथ अ‍ॅटलासने मेडिकेअरच्या, म्हणजे पासष्टीपुढच्यांच्या सरकारी विम्याच्या, नोंदी तपासल्या. मधुमेह आणि पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असे दोन्ही असलेल्यांत कृष्णवर्णीयांचे पाय इतरांच्या जवळजवळ तिप्पट प्रमाणात कापले जात होते. इथल्या मूळ आदिवासी जमातींतही हे प्रमाण गोऱ्यांपेक्षा बरंच जास्त आहे. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी त्याच वर्षी वस्तीवार हिशोब मांडला, तेव्हा लॉस एंजेलिसच्या काही गरीब वस्त्यांत हे प्रमाण श्रीमंत वस्त्यांच्या दहापटीपर्यंत गेलेलं दिसलं. त्या राज्यातल्या मधुमेह्यांत कृष्णवर्णीय ६ टक्क्यांहून कमी होते, पण पाय गमावलेल्यांत जवळजवळ १३ टक्के.

एवढं वाचलं की कोणालाही वाटेल, रक्तातच काहीतरी असणार. मलाही सुरुवातीची काही वर्षं तसंच वाटायचं. मग मी इंग्लंडमधले आकडे पाहिले.

मँचेस्टर आणि आसपासच्या भागात १५ हजारांहून जास्त मधुमेह्यांचे पाय तपासून एक अभ्यास झाला, तो २००५ साली प्रसिद्ध झाला. पायाला जखम असलेली किंवा होऊन गेलेली माणसं गोऱ्या युरोपियनांत ५.५ टक्के होती, आफ्रिकन-कॅरिबियन लोकांत २.७ टक्के आणि आपल्यासारख्या दक्षिण आशियाई लोकांत १.८ टक्के. नीट पाहा. कॅरिबियन बेटांवरून इंग्लंडात आलेल्या माणसांचे आणि मिसिसिपीतल्या माझ्या रुग्णांचे पूर्वज आफ्रिकेच्या त्याच किनाऱ्यांवरून जहाजांत कोंबून नेले गेले होते. एकाच मुळाच्या माणसांना अमेरिकेत गोऱ्यांहून कितीतरी जास्त धोका आणि इंग्लंडात निम्मा? दोष रक्तातच असता तर समुद्र ओलांडून तो उलटा झाला नसता.

दुसरा अभ्यास अमेरिकेतलाच, २००२ सालचा. उत्तर कॅलिफोर्नियात कैसर पर्मनेंटी नावाची संस्था आहे. तिच्या सभासदांना विमा, डॉक्टर, हॉस्पिटल सगळं एकाच छताखाली मिळतं. तिथल्या ६२,४३२ मधुमेह्यांच्या नोंदी पाहिल्या, तर पाय कापण्याच्या प्रमाणात कृष्णवर्णीय आणि गोरे यांच्यात म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. आशियाई वंशाच्या सभासदांना धोका गोऱ्यांच्या निम्म्याहून कमी होता. आजार तोच आणि माणसंही तीच, पण दार सगळ्यांना सारखं उघडं होतं.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. निवृत्त सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलांत सगळ्यांना सारखीच सोय मिळते, तरी तिथल्या नोंदींत कृष्णवर्णीयांचं प्रमाण जास्तच आढळलं. फरक देशभरच्या फरकाहून कमी होता, पण मिटला नव्हता. त्यामुळे फक्त विमा दिला की सगळं सुटेल असं मी म्हणणार नाही. माणूस त्या दारापर्यंत पोहोचतो तेव्हा त्याच्यामागे पन्नास वर्षांचं आयुष्य असतं. धूम्रपान, न तपासलेला रक्तदाब, थकलेल्या किडन्या, लहानपणापासूनचं खाणं, हे सगळं पायाच्या रक्तवाहिन्यांत साठलेलं असतं.

आता मुळात पाय जातो कसा, ते सांगते, कारण खरं उत्तर तिथेच आहे. बरीच वर्षं शुगर जास्त राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. बुटात खडा गेला तरी कळत नाही. जखम होते. कापलेल्या दर सहा पायांपैकी साधारण पाचांची सुरुवात अशाच एका साध्या जखमेपासून झालेली असते. त्यात रक्तवाहिन्या चोंदलेल्या असतील तर जखमेपर्यंत रक्त पोहोचत नाही. रक्त नाही म्हणजे ऑक्सिजन नाही, गोळीतून घेतलेलं अँटिबायोटिकही तिथे पुरेसं पोहोचत नाही. मग जंतू, मग गँगरीन. हे सगळं एका रात्रीत होत नाही, त्याला आठवडे लागतात, कधी महिने. त्या आठवड्यांत कोणी मोजा उतरवून पाय पाहिला, नाडी तपासली, रक्तप्रवाह मोजला, तर पाय बहुतेकदा वाचतो. म्हणून माझ्याकडे नवा रुग्ण आला की माझा पहिला प्रश्न असतो, ‘जखम कधी झाली, आणि तेव्हापासून तुमच्या पायाला कोणी कोणी हात लावला?’

एक बाई आठवतात. वय साठीच्या आत, कृष्णवर्णीय, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायच्या. मुलगा दोन तास गाडी चालवून त्यांना घेऊन आला होता. दुसऱ्या एका हॉस्पिटलात पाय कापायची तारीख ठरली होती, ती चार दिवसांवर होती. पायात एकावर एक दोन मोजे. वास येऊ नये म्हणून आतल्या मोज्यात त्यांनी पावडर टाकली होती. करंगळीच्या मुळाशी रुपयाएवढा काळा डाग आणि त्याच्या कडेला पिवळसर ओल. अकरा आठवड्यांत त्या तीन वेळा इमर्जन्सीत जाऊन आल्या होत्या आणि तिन्ही वेळा अँटिबायोटिक घेऊन घरी परतल्या होत्या. पायाची नाडी कोणी पाहिली का, असं मी विचारलं तर त्यांनी मनगट पुढे केलं. पायालाही नाडी असते हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

मी रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं डॉप्लरचं पेन घोट्याजवळ टेकवलं. चांगल्या रक्तवाहिनीचा आवाज ठोक्याठोक्याने येतो, दमदार. त्यांच्या पायात फटीतून वारा यावा तशी बारीक सूंऽऽ ऐकू येत होती. म्हणजे वाट अरुंद होती, पण पूर्ण बंद नव्हती. दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी केली. गुडघ्याखालच्या तीनपैकी दोन वाहिन्या बंद होत्या, एक बलूनने उघडता आली. करंगळी काढावी लागली. पाय राहिला. त्या अजून येतात, चालत येतात.

त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या एका गृहस्थांचा पाय मला वाचवता आला नाही. ते मासे साफ करण्याच्या कारखान्यात काम करायचे, दिवसभर ओल्या फरशीवर, रबरी बुटांत. तळव्याला जखम झाली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, सहा आठवडे पायावर भार टाकू नका. सल्ला अगदी योग्य होता. पण पगारी रजा नव्हती आणि दोन आठवडे गेलं नाही तर नोकरी जाणार होती, ती गेली की विमाही जाणार होता. ते कामावर जात राहिले. त्यांच्या केसपेपरवर ‘सूचना पाळत नाहीत’ असा शेरा होता. मला तो शेरा अजून टोचतो. ज्या सूचनेची किंमत घराचं भाडं आहे, ती पाळता न येणं हा रुग्णाचा दोष कसा?

या देशातली एक उलटी गोष्ट सांगते. १९८६ च्या कायद्याप्रमाणे जीवघेण्या अवस्थेत आलेल्या माणसाला इमर्जन्सीतून विनाउपचार परत पाठवता येत नाही. हा कायदा चांगलाच आहे. पण परिणाम असा होतो की विमा नसलेल्याला पायाची वार्षिक तपासणी, मऊ तळव्याचे बूट, घट्टे काढणारा पोडिएट्रिस्ट यातलं काही मिळत नाही, आणि पाय सडून ताप चढला की ऑपरेशन मात्र मिळतं. गरिबांच्या मेडिकेड विम्याची कक्षा २०१४ पासून बहुतेक राज्यांनी वाढवली. मिसिसिपीने वाढवली नाही, तुमच्या जॉर्जियाने अटी घालून अगदी थोडी वाढवली. जिथे गरज सगळ्यात जास्त, तिथेच हात आखडता.

डॉ. फोलुसो फाकोरेडे हे नायजेरियात जन्मलेले हृदयरोगतज्ज्ञ २०१५ साली मिसिसिपीच्या बोलिव्हर काउंटीत आले आणि तिथे पायांच्या रक्तवाहिन्यांचे उपचार सुरू केले. ते आपल्या भाषणांत दोन नकाशे दाखवतात, एक आज पाय कापण्याच्या प्रमाणाचा आणि दुसरा एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी यादवी युद्धाच्या आधीच्या गुलामांच्या वस्तीचा. दोन्ही नकाशांत गडद पट्टा जवळजवळ एकाच जागी येतो. कापसाच्या मळ्यांचा तो प्रदेश. गुलामगिरी संपली, पण जमीन, शाळा, रस्ते, दवाखाने त्या माणसांपर्यंत पोहोचले नाहीत, आणि शे-दीडशे वर्षांनी ते पायांवर दिसतंय. २०२० साली अमेरिकी संसदेचे सदस्य डोनाल्ड पेन (ज्युनियर) यांनी विधेयक आणलं की तातडीची स्थिती नसेल, तर आधी रक्तप्रवाहाची तपासणी केल्याशिवाय पाय कापण्याचे पैसे सरकारी विम्याने देऊ नयेत. पेन स्वतः मधुमेही होते. २०२४ मध्ये ते वारले. विधेयक पुन्हा पुन्हा मांडलं गेलं, कायदा झाला नाही. मला ही मागणी अगदी किमान वाटते. पाय कापण्याआधी त्यात रक्त वाहतंय का एवढं तरी पाहा, याला कायदा लागावा?

एक मुद्दा त्वचेच्या रंगाचा आहे, आणि तो आपल्यालाही लागू आहे. पुस्तकांत जंतुसंसर्गाची पहिली खूण म्हणून ‘लाली’ लिहिलेली असते आणि फोटो बहुतेक गोऱ्या पायांचे असतात. काळ्या-सावळ्या पायावर लाली सहज दिसत नाही. तिथे त्वचा जांभळट किंवा आणखी गडद होते, ताणल्यासारखी चकाकते, सुजते. मी निवासी डॉक्टरांना डोळ्यांच्या आधी हात वापरायला शिकवते. तळहाताची मागची बाजू दोन्ही पायांवर एकाच जागी ठेवायची. एक पाय दुसऱ्याहून स्पष्ट गरम लागला, थर्मामीटरवर साधारण २ अंश सेल्सिअसहून जास्त फरक निघाला, तर आत काहीतरी चाललंय असं धरून चालायचं. सावळ्या पायाचा संसर्ग ‘अजून लाल नाही’ म्हणून आठवडाभर पडून राहिलेला मी अनेकदा पाहिला आहे.

इथे थोडं विषयांतर करते, कारण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. बधिर पायाची जखम भरण्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे पावलापासून गुडघ्याखालपर्यंत घट्ट बसणारं एक खास प्लास्टर. भार सगळीकडे वाटला जातो आणि माणूस चालता चालता बरा होतो. हे तंत्र भारतातल्या कुष्ठरोग्यांच्या उपचारातून आलं. वेल्लोरला कुष्ठरोग्यांचे हातपाय दुरुस्त करणारे डॉ. पॉल ब्रँड १९६६ मध्ये लुइझियानातल्या कार्व्हिलच्या कुष्ठरोग हॉस्पिटलात गेले आणि तेच ज्ञान तिथे मधुमेह्यांच्या पायांसाठी वापरलं गेलं. मी इंटर्न असताना आमच्या कुष्ठरोग विभागात एमसीआर नावाच्या मऊ रबराच्या चपलांचा ढीग असायचा, आणि एक वयस्कर अटेंडंट प्रत्येकाचं पाऊल कागदावर पेन्सिलीने गिरवून घ्यायचे. मला त्या वेळी ते काम कंटाळवाणं वाटायचं. आज लुइझियानाच्या शेजारच्याच राज्यात बसून मी तेच करते. दुःख याचं आहे की ज्या प्रदेशात हे प्लास्टर सगळ्या अमेरिकेआधी पोहोचलं, तिथेही ते घालणारे दवाखाने फार थोडे आहेत. वेळ लागतो, हात बसावा लागतो, पैसे कमी मिळतात.

आता आपण भारतीय. इंग्लंडात आपले आणि कॅलिफोर्नियात एकूण आशियाई लोकांचे आकडे चांगले दिसतात. त्याचं एक कारण असं की आपल्यात हृदयाच्या वाहिन्या लवकर चोंदतात, पण पायाच्या वाहिन्यांचा आजार त्या मानाने कमी आढळतो. शिवाय मँचेस्टरच्या अभ्यासात आपल्या लोकांच्या पायांत बधिरपणा आणि बोटांचा वाकडेपणाही कमी होता. पण हे ऐकून निर्धास्त होऊ नका. ती सरासरी परदेशात स्थिरावलेल्या, डॉक्टरांकडे नियमित जाणाऱ्या लोकांची आहे. भारतात चित्र वेगळं आहे. तिथे रक्तवाहिनी चांगली असूनही निव्वळ बधिरपणा आणि जंतुसंसर्गाने पाय जातात, कारण माणूस अनवाणी फिरतो, पायाचं कुरूप ब्लेडने कापतो, जखमेवर हळद भरून पंधरा दिवस वाट पाहतो. नागपूरच्या डॉ. शरद पेंडसे यांच्यासारख्यांनी डॉक्टर-नर्सच्या जोड्या तयार करून लहान गावांपर्यंत पायाची काळजी पोहोचवण्याचं काम उभं केलं, ते याचसाठी. तेव्हा वंशाची सरासरी बाजूला ठेवा. तुमच्या वडिलांचा पाय हा १६ वर्षं मधुमेह असलेल्या माणसाचा पाय आहे, आणि तो तुम्ही आज संध्याकाळी पाहू शकता.

दोन्ही मोजे उतरवायला सांगा. बोटांच्या बेचक्या, टाचांच्या भेगा, अंगठ्याखालचा घट्टा पाहा. घट्ट्याच्या आत काळपट ठिपका दिसला तर ती आत दडलेली जखम असू शकते. पावलावर, अंगठ्याच्या रेषेत बोटं ठेवून नाडी लागते का पाहा, तशीच घोट्याच्या आतल्या बाजूला मागे. तुम्हाला नाही लागली तर घाबरू नका, सवय लागते, पण डॉक्टरांना ती नक्की पाहायला सांगा. तपासणीत नायलॉनच्या तंतूने स्पर्श कळतो का हे बघतात, ते झालं का विचारा. दंड आणि घोटा यांच्या रक्तदाबाची तुलना करणारी चाचणी केली आणि ‘नॉर्मल’ म्हणाले, तर अंगठ्यातला दाबही मोजला का ते विचारा. जुन्या मधुमेहात रक्तवाहिन्या चुन्यासारख्या कडक होतात आणि घोट्यावरचा आकडा खोटाच चांगला दाखवतो.

भारतातून आलेल्या आईवडिलांच्या बाबतीत मी एकच गोष्ट वारंवार पाहते. मुलं प्रेमाने भारीतले नवे बूट घेऊन देतात आणि पहिल्याच शनिवारी दिवसभर फिरवतात. वडिलांना फोड आलेला कळतही नाही. नवे बूट पहिल्या दिवशी एक तास, मग पाय पाहायचे, मग दुसऱ्या दिवशी दोन तास. पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी नको, हीटरसमोर तळवे धरणं नको. घरात गालिचा असला तरी चप्पल हवी, गालिच्यात टाचण्या असतात. त्यांचा व्हिजिटर विमा आधीपासूनच्या आजारांना बरेचदा लागू नसतो, तेव्हा कागद आज काढून वाचा. फोड आल्यावर वाचलात तर ‘पुण्याला गेल्यावर बघू’ असं सगळ्यांच्याच मनात येतं, आणि त्यात तीन आठवडे जातात.

आणि तुमचे शेजारी. एक पाय गेला की त्या आघातानंतर घरचे, डॉक्टर, सगळे त्या जखमेकडे आणि कृत्रिम पायाकडे पाहत राहतात. दुसऱ्या पायावर मात्र आता दुप्पट भार असतो, आणि त्याच्या रक्तवाहिन्यांचं वयही तेवढंच असतं. मांडी किंवा पोटरीतून पाय गेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त माणसं पाच वर्षांत दगावतात, त्यांतले बरेच हृदयविकाराने. तेव्हा पुढच्या वेळी भेटायला जाल तेव्हा त्यांच्या बायकोला किंवा मुलीला बाजूला घेऊन विचारा, राहिलेल्या पायाची नाडी कोणी पाहिली का, त्याचा रक्तप्रवाह मोजला का, हृदयाची तपासणी झाली का. उत्तर ‘माहीत नाही’ असं आलं, तर त्यांच्याच फोनवरून रक्तवाहिन्यांच्या सर्जनची वेळ घेऊन द्या. मेडिकेअर असेल तर मधुमेह्यांसाठीचे खास बूट वर्षाला एक जोड मिळतात, १९९३ पासून ती सोय आहे आणि बऱ्याच लोकांना ती ठाऊकच नसते. ६१ व्या वर्षी मेडिकेअर नसेल कदाचित, पण अपंगत्वावरून ते आधीही मिळू शकतं. त्या अर्जाचे कागद भरायला बसायला कोणीतरी लागतं. एक संध्याकाळ पुरते.